पिशवीतलं लिंबू

आमच्या आप्पांचं नाव आण्णाप्पा, पण काकतीच्या हायवेवरच्या त्या गाड्यांच्या यार्डात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. तिथं ते भंते. "भंते आले, सरकून बसा रं." "भंते, तुमच्या गाडीला देव न्हाई, मग चढाला ढकलतंय कोण?" वर्षानुवर्षं तेच विनोद आणि तेच दात काढणं. मला राग येतो, आप्पांना येत नाही. ते म्हणतात, "म्हणू दे की. भंते काय शिवी हाय व्हय?" मी म्हणते, शिवी नसली तरी ते शिवीसारखीच घालतात आणि ते तुम्हालाही कळतं. यावर आप्पा डब्याची पिशवी खांद्याला अडकवतात आणि कामावर जातात.

मी सुविधा, त्यांची मुलगी. बेळगावात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. माझी जीभ तिखट आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि आता जे सांगणार आहे त्यात ती जागोजागी लागणार आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आप्पा विक्रमशेटच्या बसवर ड्रायव्हर. सकाळी निपाणीच्या बाजूच्या गावांतून बायका उचलायच्या, इकडं शिवणकामाच्या कारखान्यात आणून सोडायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या. वंटमुरीचा घाट दोन्ही वेळा. शेटच्या वडलांनी त्यांना ठेवून घेतलं होतं, तेव्हापासून हीच वाट.

आमचे आजोबा गावच्या जत्रेत हलगी वाजवायचे. आप्पांनी तरुणपणी ती हलगी खुंटीला लावली आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घेणारे आमच्यात पुष्कळ आहेत. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि कपाटाच्या मागच्या बाजूला आणखी कुणी ना कुणी. पोराला ताप आला की गुपचूप नवस. आप्पांचं तसं नाही, त्यांनी घेतल्या म्हणजे घेतल्या. पण म्हणून ते कुणाला टोचून बोलत नाहीत, भाषणं देत नाहीत. प्रसाद हातावर ठेवला तर खातात. फक्त हात जोडायची वेळ आली की दोन पावलं बाजूला होऊन उभे राहतात. एवढंच. आणि या एवढ्याशानं माणसं किती चिडतात, ते मी लहानपणापासून बघत आले आहे.

यार्डातला मोठा सण खंडेनवमी. सगळ्या गाड्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, समोर ऊस आणि केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा. मग प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ड्रायव्हरनं स्वतः गाडी त्यावरून पुढं घ्यायची. आप्पा सकाळी सगळ्यांच्या आधी जायचे, गाडी धुवायचे, खाली शिरून ग्रीस मारायचे, माळासुद्धा बांधू लागायचे. लिंबं आली की बाजूला. मग मष्णू म्हणून दुसरा ड्रायव्हर आहे, तो त्यांच्या गाडीत चढायचा आणि "भंतेंचं पाप माझ्या डोसक्यावर" म्हणत गाडी पुढं घ्यायचा. सगळे हसायचे, आप्पाही थोडंसं हसायचे. असं चाललं होतं, आणि असंच चाललं असतं.

पण गेल्या श्रावणात घाटात गाडीच्या ब्रेकची हवा गेली. आप्पांनी उतारावर गाडी डोंगराच्या बाजूच्या बांधाला घासत घासत थांबवली. कुणाच्या कपाळाला टेंगूळ, कुणाचा डबा सांडला, यापलीकडं काही झालं नाही. हवेचा पाइप जुना झालाय, बदला, असं आप्पांनी शेटना दोनदा सांगितलं होतं. ते सगळे विसरले. लक्षात काय राहिलं, तर भंतेनं गाडी स्वतः लिंबावरून नेली नव्हती. बसमधल्या बायका बोलल्या, यार्डात बोलले, आणि आईच्या माहेरी निपाणीला तर मावश्यांनी तिला समोर बसवून ऐकवलं. "गंगव्वा, तुझ्या मालकाच्या हट्टापायी उद्या कुणाचं तरी कुंकू पुसंल गं. तुझं बी."

आईबद्दल सांगायला पाहिजे. लग्नात आईच्या आईनं तिला फडक्यात बांधून देवीचा टाक दिला होता, बोटभर पितळी पत्रा. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तो आप्पांच्या नजरेला पडला. आई सांगते, तिनं तो पदराखाली लपवायला बघितला. आप्पा म्हणाले, "तुझ्या आईनं दिलाय न्हवं? ट्रंकेत ठेव." पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही आणि त्या ट्रंकेचं झाकणही उघडलं नाही. विहारात आई येते, पण मागं, खिरीच्या पातेल्यापाशी. प्रतिज्ञा चालू असताना तिला नेमकं दूध बघायचं असतं.

त्या खंडेनवमीला मी दुपारी लॅबमधून सुटून थेट यार्डात गेले. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमच्या गल्लीच्या विहारात दर वर्षी प्रतिज्ञा आप्पा देतात. ते एक म्हणतात, मागून सगळी गल्ली म्हणते. त्यांना पांढरा सदरा घ्यायचा होता, मेणबत्त्या घ्यायच्या होत्या. मी स्कूटर फाटकापाशी लावली तेव्हा कोहळा फुटून झाला होता, लिंबं चाकाखाली ठेवली होती, आणि सगळे आप्पांच्या गाडीभोवती उभे होते.

विक्रमशेट आप्पांपेक्षा लहान, बोलतो अगदी आदरानं. "अण्णा, औंदा गाडी तुमीच पुढं घ्यायची."

"दरसाली मष्णू घेतोय की, मालक."

"दरसाली गाडी बांधाला धडकली न्हवती. बायका भ्यायल्यात. मला विचारत्यात, पूजा केलासा का न्हाई. मी काय सांगू? लिंबावरनं गाडी घेण्यात तुमचं असं काय जातंय?"

"काय जातंय ते मला नीट सांगता यायचं न्हाई मालक. पण जातंय."

"मग किल्ली ठेवा," शेट म्हणाला. "मी दुसरा माणूस बघतो."

कुणीतरी हसलं. मष्णूनं मोबाइल वर धरला होता, पूजेचा व्हिडिओ चालूच होता. आप्पांनी पिशवी खांद्यावरून काढली. किल्ली ते पिशवीच्या तळाशी ठेवतात, जुनी सवय. त्यांनी डबा काढून पायरीवर ठेवला, पाण्याची बाटली काढली आणि आत हात घातला. किल्लीबरोबर एक पुरचुंडी वर आली, सुटली, आणि हळदकुंकवानं माखलेलं लिंबू जमिनीवर पडून मष्णूच्या पायाशी जाऊन थांबलं.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हातारा वॉचमनसुद्धा खाली बसून हसला. "बघा भंतेचं सोंग," मष्णू म्हणाला. "आमाला शानपण शिकवतंय, आन् सोता लिंबू पिशवीत घालून हिंडतंय."

आप्पांनी हातातलं फडकं बघितलं. मीही बघितलं. मोरपंखी रंग, कडेला जर. आईच्या जुन्या साडीचा तुकडा. त्याच साडीची गोधडी मी रोज पांघरते, मला ओळखायला कितीसा वेळ लागणार. मी तोंड उघडलंच होतं. एक वाक्य पुरलं असतं, हे आमच्या आईनं ठेवलंय, यांना माहीत नाही. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड मिटलं.

"माझं हाय," ते म्हणाले, आणि वाकून लिंबू उचलून खिशात घातलं. "माझ्या पिशवीतनं पडलं न्हवं? मग माझंच."

शेटच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. त्याला वाईट करायचं नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं. तो पुढं आला, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, आदी सांगायचं की मग. लाजता कशाला? देव कुणाला नगं असतोय? मिटलं. ठेवा किल्ली तुमच्यापाशीच. मष्णू, घे रं गाडी पुढं."

मष्णूनं किल्ली घेतली, गाडी लिंबांवरून नेली, आणि किल्ली आणून आप्पांच्या हातात ठेवली. मग आरतीचं ताट फिरत आलं आणि कुणीतरी आप्पांच्या कपाळाला कुंकू लावलं. मला वाटलं, ते आता मान मागं घेतील. एवढी वर्षं घेत आले होते, कुणाचं मन न दुखवता, सहज. त्या दिवशी घेतली नाही. उभे राहिले, हातात किल्ली, कपाळावर कुंकू, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मला त्यांच्याकडं बघवेना आणि दुसरीकडंही बघवेना. माझ्या बापाची लाज वाटतीय की माझ्या आईची की माझी, काही कळत नव्हतं. चिरमुरे वाटायला आलेल्या माणसापुढं मी मुकाट्यानं हात पसरला.

सदरा घ्यायला आम्ही गेलो नाही. घरी येताना स्कूटरच्या आरशात दिसलं, आप्पा बाहीनं कपाळ पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते.

घरात शिरल्यावर आईनं आधी बाही बघितली. आप्पांनी खिशातून लिंबू काढून भाजीच्या टोपलीत ठेवलं, बाकीच्या लिंबांत. मोरपंखी तुकड्याची घडी घालून ट्रंकेवर ठेवली. हातपाय धुवायला गेले. बोलायचं काम मी केलं. "तुला काही वाटलं कसं नाही? सगळ्यांसमोर नाक कापलंस त्यांचं. गल्लीत व्हिडिओ फिरतोय. मावश्यांच्या नादाला लागून..." मी आणखी पुष्कळ बोलले, ते इथं लिहीत नाही. आई पदराचा बोळा तोंडाला लावून भिंतीला टेकून उभी होती. आप्पा टॉवेल घेऊन आत आले आणि म्हणाले, "तिला काय बोलू नगं."

मग आई बोलली. माझ्याशी नाही, त्यांच्याशी. "तुमी घाटात गेलासा की माझं ध्यान रस्त्याकडं. येस्तवर घास गिळत न्हाई. मी काय करू?"

"मला सांगायचं हुतंस, गंगव्वा."

"सांगितलं असतं तर तुमी हसला असतासा." ती म्हणाली. "तिकडं तुमाला हसत्यात, तसं."

आप्पा तिथंच खाली बसले, ओला टॉवेल मांडीवर घेऊन. मला म्हणाले, "हिची लाज वाटत न्हाई गं मला. माझी वाटत्या. साऱ्या गल्लीला प्रतिज्ञा देत आलो, आन् माझ्या घरात माणूस एकटंच भीत बसलंय, त्ये मला ठाऊक न्हाई." त्या रात्री आमच्याकडं कुणी नीट जेवलं नाही. ताटं तशीच झाकून ठेवली.

सकाळी आप्पांनी मला उठवलं. म्हणाले, यार्डात सोड. मी विचारलं नाही कशाला. शेट सोनं वाटायला निघाला होता, नवीन कपडे घालून. आप्पांनी किल्ली त्याच्या पुढं धरली.

"काल लिंबू बघून किल्ली दिलासा," ते म्हणाले. "त्या लिंबात माझं मन न्हवतं, मालक. म्हणून परत आणलोय."

"म्हंजे लिंबू तुमचं न्हवं?"

"लिंबू माझंच. मन न्हवतं."

शेटला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "अण्णा, सणासुदीचं काय लावलंयसा? लोक काल हसले ते हसले. इसरतील."

"हसू द्यात. हसण्याचं काय न्हाई." त्यांनी किल्ली गाडीच्या पायरीवर ठेवली, काल डबा ठेवला होता तिथं. शेट काही म्हणायच्या आत ते फाटकापाशी आले होते.

विहारात गर्दी होती. आमची माणसं आमचीच असतात म्हणतात, पण मोबाइल त्यांच्याही हातात असतो. दाराशी दोघं-तिघं पोरगेले बाप्ये उभे होते, आप्पा आल्यावर एकमेकांना कोपरानं ढोसत होते. "काय अण्णा, लिंबूसरबत हाय व्हय आज?" हे आमच्याच गल्लीतलं. यार्डातल्या हसण्यानं मला राग आला होता. या हसण्यानं मान खाली गेली. त्यांना द्यायला एकच उत्तर होतं, आणि ते द्यायला आप्पांनी नजरेनंच बंदी घातली होती.

विहाराचं बघणारा शामू पुढं आला आणि माइक आप्पांच्या हातात द्यायला लागला. "तू दे औंदा," आप्पा म्हणाले. शामूनं पुन्हा आग्रह केला नाही. त्यालाही बरंच वाटलं असावं. आप्पा पुढं बसले नाहीत. यंदा पहिल्यांदा प्रतिज्ञा घेणारी पाच-सहा माणसं शेवटच्या सतरंजीवर बसली होती, त्यांच्यात जाऊन बसले, जुना सदरा घालून.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. प्रतिज्ञा सुरू व्हायच्या वेळेला आई खिरीपासून उठली. पांढरी साडी नेसली होती, हाताला दूध लागलेलं. ती आप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली, बसली नाही. मला कळलं ती काय करणार आहे. तिनं पदर सावरला, घसा साफ केला. "मला एक सांगायचं हाय," ती म्हणाली, पण आवाज इतका बारीक की पुढच्यांना ऐकूच गेला नाही.

आप्पांनी तिचा हात धरून खाली ओढलं. "बस."

"अवं, पण..."

"बस म्हणतोय न्हवं. तुला हसलेलं मला चालायचं न्हाई."

ती बसली. शामू पहिली प्रतिज्ञा म्हणाला, आप्पा मागून म्हणाले, नव्या माणसांसारखं, एकेक शब्द. आई रडत होती, तरी तिचा आवाज येत होता. प्रतिज्ञा म्हणताना आईचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

शेटनं किल्ली परत दिली नाही. महिनाभरानं आप्पांना हत्तरगीच्या एका डेअरीची दुधाची गाडी मिळाली. पगार कमी, घाट तोच. तिथंही व्हिडिओ आधी पोहोचला होता. आता ते नुसते भंते नाहीत, लिंबूवाले भंते आहेत. आई कुणाला तरी खरं सांगायला निघाली की ते तिला गप्प करतात. मला वाटतं, हे आता जन्मभर असंच राहणार.

आईनं घरात लिंबू आणायचं बंद केलं होतं. पोह्यावर नाही, आमटीत नाही. एक दिवस आप्पाच बाजारातून घेऊन आले, त्याच पिशवीतून, आणि टोपलीत ओतले. "लिंबानं काय घोडं मारलंय?" म्हणाले. "पिळ की पोह्यावर." आईनं कापलं, आणि पहिली फोड त्यांच्याच पोह्यावर पिळली.

रोज सकाळी आई डबा भरते. आप्पा निघताना ती पिशवी त्यांच्यापुढं उघडी धरते आणि म्हणते, "बघा." आप्पा बघत नाहीत, वरूनच चेन ओढतात. एकदा ती हट्टालाच पेटली. "बघा तरी एकदा. माझ्या जिवाला बरं वाटंल." आप्पा म्हणाले, "कशाला बघू? तूच भरलीयास न्हवं?" आणि गेले.

त्यांनी बघितलं नाही. बघत होते मी.

आई अंघोळीला गेली की मी पिशवीत हात घालायची. डब्याखाली, बाटलीमागं, शिवणीच्या कडेला, सगळीकडं चाचपून बघायची. आप्पांच्या भल्यासाठी, असं मी मलाच सांगायची. गेल्या आठवड्यात हात असाच आत होता आणि मागं बांगड्या वाजल्या. आई दारात उभी होती, ओल्या केसांनी. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

ती जवळ आली, पिशवीतून डबा काढला, एकेक कप्पा उघडून माझ्यापुढं ठेवला. भाकरी. वांग्याची भाजी. कांदा. मग पिशवी उलटी करून झटकली. थोडा भाकरीचा चुरा पडला.

बाहेरून आप्पांची हाक आली, "झालं का गं? उशीर होतोय."

"झालं," आई म्हणाली. तिनं डबा बंद करून माझ्या हातात दिला. "आज सुविधा भरत्या."

मी डबा पिशवीत ठेवला आणि पिशवी बाहेर नेऊन दिली. आप्पांनी न बघता चेन ओढली. "शानी हाय माझी लेक," म्हणाले. माझी मान काही वर झाली नाही.